डोळे मिटून केलेलं निदान

सकाळचे नऊ वाजले की स्त्रियांच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा उरत नसे. चाळीसेक विद्यार्थी, त्यांच्यामागे दुसऱ्या विभागांतून मुद्दाम आलेले शिकाऊ डॉक्टर, दारात रोग्यांचे नातेवाईक. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. मोठे सर आले!

सर खाटेपासून तीन पावलांवर थांबत. केसपेपर बघायचा नाही, नाडी धरायची नाही, रोग्याला अवाक्षर विचारायचं नाही. डोळे मिटायचे आणि धीरगंभीर आवाजात सुरू करायचं, "तीन आठवडे झाले. पहाटे खोकला येतो. कापूस पिंजण्याच्या कारखान्यात कामाला होतीस. आणि बाई, थोरल्या मुलाशी अबोला धरला आहेस, तो सोड."

बाई रडायलाच लागे. "यांना कसं कळलं हो? मी तर तोंडही उघडलं नाही!"

"शरीर बोलतं," सर म्हणत. "ऐकणारा लागतो. यंत्रं आंधळी असतात. आणि रोग्याला आपला रोग कधीच कळत नसतो."

हे वाक्य विद्यार्थी वहीत उतरवून घेत. आपल्यालाही अशी नजर लाभावी म्हणून काही जण घरी आरशासमोर डोळे मिटून उभे राहत. आरसा कशाला, हे एकालाही सुचलं नाही.

त्यांच्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. वर्गात तिला 'पण' म्हणत, कारण तिचं दर दुसरं वाक्य 'पण'ने सुरू होई. सरांसमोर मात्र तीही गप्प असे.

एका सोमवारी सर नऊ नंबरच्या खाटेवरच्या स्वयंपाकीणबाईला म्हणाले, "छातीवर दडपण. ईसीजी काढा." मग अकरा नंबरपाशी आले. तिथे कपडे शिवणारी एक बाई होती, पन्नाशीची, बोटांना सुयांचे घट्टे पडलेले. सरांनी डोळे मिटले. "पोटात जळजळ. दिवसभर उभ्याने काम, जेवणाला वेळ नाही. गोळ्या लिहून देतो. आजच घरी जा."

"नाही हो डॉक्टर, मी बसून काम करते. आणि पोटाचं काही नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, जबडा भरून येतो, डावा हात..."

सरांनी बोट वर केलं. "पाहिलंत? मी काय सांगत असतो?"

हशा पिकला. भरतीच्या वेळी लिहिलेल्या तिच्या ईसीजीच्या चिठ्ठीवर सरांनी रेघ ओढली.

'पण'च्या ओठांवर शब्द आला होता. जबडा, डावा हात. परवाच तर वाचलं होतं. तिने आजूबाजूला पाहिलं. सगळे हसत होते. तीही हसली.

शिवणाऱ्या बाई दुपारी फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर कोसळल्या. त्यांना उचलून पुन्हा त्याच इमारतीत आणलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तीन दिवसांनी त्यांचा नवरा सरांच्या खोलीबाहेर उभा दिसला. 'पण'ने विचारलं, "काका, काही हवंय का?"

"काही नको, पोरी. सरांचे आभार मानायला आलोय. त्यांच्यासारख्या माणसाने पाहिलं आणि तरी ती गेली, म्हणजे तिची वेळच भरली होती. एवढं तरी समाधान आहे. नाहीतर मी जन्मभर स्वतःला खात बसलो असतो."

'पण' तडक वॉर्डात गेली. स्वयंपाकीणबाई अजून नऊ नंबरवरच होत्या. त्यांनी तिला ओळखलं.

"तूही हसत होतीस ना त्या दिवशी?"

तिने मान खाली घातली.

"ऐक मग. सर त्या शिवणाऱ्या बाईला जे बोलले, ते सगळं माझं होतं. जळजळ माझी, उभ्याचं काम माझं. आणि माझ्या छातीचा काढला ईसीजी! मी बोलणार होते, पण एवढा मोठा माणूस, वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय."

"पण मावशी, तुमचं सरांना कुठून कळलं?"

"कुणास ठाऊक. मी तर त्या नोंदणीवाल्यालाच सांगितलं होतं. सकाळी सहा वाजता वही घेऊन येतो. भला माणूस, घरदार सगळं विचारतो. तेव्हा मी अकरावर होते. मग तिला नऊवर खिडकीचं वारं सोसेना, म्हणून सिस्टरनी आमची अदलाबदल केली."

दुसऱ्या दिवशी 'पण' सहाला हजर झाली. साध्या शर्टातला एक माणूस खाटेखाटेशी बसून गोड बोलत होता, लिहीत होता. वॉर्ड संपवून तो सरळ सरांच्या खोलीत गेला. सर चहा पीत वही वाचत होते, ओठ हलवत, पाठांतर करणाऱ्या मुलासारखे. वही आणणारा तो माणूस सरांच्या खासगी दवाखान्यातला कारकून निघाला.

युक्ती स्वयंपाकीणबाईंनाच सुचली. "उद्या मी त्याला काहीबाही सांगते. बघू, शरीर काय बोलतं ते." त्यांचे उपचार चुकू नयेत म्हणून 'पण'ने खरं काय ते आधी सिस्टरना सांगून ठेवलं.

शनिवारची फेरी. तीच गर्दी. सर नऊ नंबरपाशी आले; सोमवारी याच बाईंना काय सांगितलं होतं, ते त्यांना आठवतही नव्हतं. सरांनी डोळे मिटले. "शिडीवरून पडलीस. उजवा गुडघा. जिना चढताना कळ येते."

"साहेब, मी जन्मात शिडी चढले नाही," बाई म्हणाल्या. "गुडघे ठणठणीत आहेत."

सर हसले. "रोगी खोटं बोलतात."

"पण सर," मागून आवाज आला, "तुमच्याशी तर त्या आजच्या आधी एक शब्दही बोललेल्या नाहीत. मग खोटं बोलल्या कुणाशी?"

सिस्टरनी कारकुनाकडून काढून घेतलेली वही खाटेवर ठेवली. 'पण'ने सोमवारचं पान उघडून मोठ्याने वाचलं. नऊ: दडपण, जबडा, डावा हात. अकरा: जळजळ, उभ्याचं काम. त्या दिवशी कोण कुणाच्या खाटेवर होतं, तेही तिने सांगितलं. कुणी हसलं नाही.

चौकशी झाली. अहवालात 'समन्वयाचा अभाव' असे शब्द आले. सरांनी राजीनामा दिला आणि स्वतःचा दवाखाना वाढवला. तिथे रांग लागतेच.

'पण' शिवणाऱ्या बाईंच्या घरी गेली. मशीनवर अर्धवट शिवलेला सदरा तसाच होता. तिने सगळं सांगितलं. नवऱ्याने विचारलं, "म्हणजे वाचली असती?"

"कदाचित वाचल्या असत्या. त्यांनी दुखणं नीट सांगितलं होतं, काका. मला ते कळलंही होतं. आणि मी हसले."

त्याने उठून तिच्यासाठी दार उघडलं आणि ती बाहेर पडताच लावून घेतलं.

आज ती स्वतः शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना ही हकीकत ती सांगते, आपलं हसणं न वगळता, आणि म्हणते, "डोळे मिटून कुणालाही रोग दिसत नाही. दिसतो असं म्हणणाऱ्याला कुणीतरी आधी सांगितलेलं असतं, एवढं धरून चाला, आणि कुणी सांगितलं ते शोधा. रोग्याला विचारा. त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबा. तो 'नाही' म्हणाला, तर आपलं चुकलं असेल असं समजून पुन्हा तपासा. चमत्काराला टाळ्या वाजवायला अक्कल लागत नाही. ती खाटेवरच्या माणसाचं ऐकायला लागते."