चौथ्या टेकमधला खोकला

पन्नास वर्षांपूर्वीचा एक इंग्रजी रॉक अल्बम माझ्या नवऱ्याने, ऋषींनी, तिसऱ्यांदा विकत घेतला. तीच दहा गाणी. वर बोनस म्हणून त्यातल्याच एका गाण्याचे सात टेक, म्हणजे गाणं जमेपर्यंत केलेले सात प्रयत्न. ज्यांचं गाणं, त्यांनीच तेव्हा बाजूला टाकलेले. ऋषी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत. कारखान्याने दिवाळीला बोनस म्हणून उसाची चिपाडं वाटली असती, तर गेटवर घोषणा द्यायला हेच पुढे असते.

"ऐक ऐक, चौथ्या टेकमध्ये ड्रमर खोकतो!"

सासूबाई शेंगा निवडत होत्या. "आरं, खोकला झालाय तर त्याला काढा द्या की. वाजवायला कशाला बसवलाय?"

"आई, त्यालाच तर किंमत आहे."

माझा जीव दुसऱ्याच खोकल्यात अडकला होता. आमची दीड वर्षाची हर्षाली सकाळी उठली की खोकायची, आणि शेवटी बारीक शिट्टी वाजायची. मंचरच्या डॉक्टरांसमोर मात्र चिडीचूप. दोनदा तसंच झालं. "ताई, पुढच्या वेळी फोनवर रेकॉर्ड करून आणा," ते म्हणाले. आठवडाभर रोज सकाळी मी फोन धरून तिच्या उशाशी बसले. सात रेकॉर्डिंग झाली.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, "हं, ऐकवा."

फोनमध्ये एकही नव्हतं. होते ते सात टेक.

शेजारी बसलेले ऋषी चाचरले. "माझा फोन भरला होता, म्हणून तुझ्यात घेतले. जागा नव्हती, तर तुझी ती पुसली. सातही सारखीच वाटली गं."

"सातही ऐकलीत?"

"पहिलं. थोडंसं."

"खोकला कोरडा होता की ओला?" डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं. ऋषी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागले.

मग मीच खोकून दाखवलं. दारातून रांगेतली माणसं डोकावली. शिट्टी जमली नाही, म्हणून पुन्हा खोकले. आईची ही गंमत बघून मांडीवरची हर्षाली खदाखदा हसली, हसता हसता तिला ठसका लागला, आणि आला की तो खरा खोकला. शिट्टीसकट.

डॉक्टरांनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं. ऋषींनी घाईघाईने खिशातून फोन काढला.

"ठेवा तो," मी म्हणाले. "नुसतं ऐका."