कलशातली राख

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा त्याला स्वतःचा एक वीर हवा होता. दुष्काळात लोक पाण्यासाठी ओरडायला लागले, तशी तो शोधायची घाई वाढली. वीर म्हणून माझे यजमान सापडले.

रेवणसिद्ध लष्करात ट्रक चालवायचे. सिकंदराबादच्या दवाखान्यात काविळीनं गेले. सरकारी भाषणात मात्र त्यांनी सीमेवर पाच शत्रू लोळवले होते.

"पाच?" माझ्या सासूबाई, गुरम्मा, म्हणाल्या. "त्याला उंदीर मारवत न्हवता!"

सरकारी प्रचाराचे साहेब पाण्याच्या टँकरच्या मागोमाग जीपनं आले. "ताई, उद्या अस्थिकलश जिल्हाभर फिरणार. कलश तुमच्या हातात, बाळ मांडीवर."

"साहेब, आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. त्यांना शेतात बसवून पुरलंय, तळहातावर लिंग ठेवून."

साहेबांनी शिपायाला खूण केली. "लोकांना काय कळतंय? राख ती राख. तुम्ही बी.ए. झालेल्या, देशाचं काम समजून घ्या." त्यांच्या शिपायानं आमच्याच चुलीतली राख कलशात भरली.

"जा बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "टँकर त्याच्याच नावानं यायलाय."

म्हणून गेले. जीपमध्ये मांडीवरच्या रुद्राणीचं अंग उन्हानं तापलं होतं. तिला पदराखाली घेतलं, पण माझं लक्ष सारखं तिच्या सुकल्या ओठांकडं. औशाच्या स्टँडसमोर जीप थांबली. फुलं पडली. भोंग्यातून पाच शत्रू पुन्हा मेले.

एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन पुढं आली. "माय, चिमूटभर दे. ह्याच्या कपाळाला लावते. ह्यो बी असाच लढाईत जाऊ दे." तिनं कलशात बोटं घातली. नातू जेमतेम रुद्राणीएवढा.

मी तिचं मनगट धरलं.

"लावू नका, आजी. आमच्या चुलीतली राख आहे ही." साहेबांच्या हातातला माईक मी ओढून घेतला. "माझे यजमान काविळीनं गेले. त्यांनी कुणाला मारलं नाही. ते शेतात बसलेत. ज्याला पाया पडायचंय त्यानं तिकडं यावं."

साहेबांनी वायर उपसली. "टँकर बंद होईल तुमचा, कळतंय का?"

"तहान लागलीय म्हणून टँकर मागू, साहेब. सगळं गाव घेऊन येते मागायला. मेलेल्या माणसाला मधे घालू नका."

माईक बंद होता, म्हणून सगळं पुन्हा ओरडून सांगितलं. रुद्राणी दचकून रडायला लागली. कलश साहेबांच्या मांडीवर ठेवला आणि तिला घेऊन खाली उतरले.

म्हातारीनं बोटं लुगड्याला पुसली आणि गर्दीवर खेकसली, "सरका की रं, लेकरू हाय तिच्याजवळ!"