हाफ कोयता

रंगुबाईचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. दसरा झाला, टोळ्या संगमनेरकडं ऊसतोडीला निघायच्या बेतात, आणि भिमाजी मुकादम दारात उभा राहून तिला सुनावून गेला होता, "तुझा नवरा गेला, रंगुबाई. आता तू हाफ कोयता. हाफला टोळीत जागा न्हाई. पोरीला जोडीला घे, न्हाईतर घरी बस."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे हाफ. हा कायदा कुठल्या शहाण्यानं केला कोण जाणे, पण पाथर्डीच्या पट्ट्यात शेंबडं पोरगंही तो जाणतं. पोरगी म्हणजे दिपाली, सातवीतली. आईबाप तोडीला गेले की पोरं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, तशी तीही राहायची. आता भिमाजीचं ऐकायचं तर तिचं दप्तर खुंटीला अडकवायचं अन् हातात कोयता द्यायचा. न ऐकावं तर चुलीवर काय शिजवायचं, स्वतःचं डोकं?

दुपारी दिपाली रडत घरी आली. एस्तेरबाईंनी इंग्रजीच्या तासाला 'हाफ' शब्दाचं वाक्य करायला सांगितलं होतं. कुणी अर्धा तास लिहिला, कुणी एसटीचं हाफ तिकीट. दिपालीनं लिहिलं, 'माय मदर इज हाफ.' बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती.

वाक्याचा अर्थ कळला तशी रंगुबाईच्या अंगाची लाही लाही झाली. वही उचलून ती तडक शाळेत गेली.

"बाई, पोरीनं खरं तेच लिव्हलं. सगळा गाव मला हाफ म्हनतो. मंग फुली कशापायी?"

एस्तेरबाई नगरच्या. वीस वर्षं पोरांवर ओरडून त्यांचा घसा बसला होता. त्या म्हणाल्या, "शब्द बरोबर आहे, रंगुबाई, पण चुकीच्या जागी लावलाय. हाफ म्हटलं की आधी विचारायचं, कशाचं? भाकरीचं अर्धं, तासाचं अर्धं. तुम्ही कशाच्या अर्ध्या, सांगा."

रंगुबाईनं वही मिटली. नवरा जाऊन सहा महिने झाले. तेव्हापासून हा शब्द ती खाली मान घालून ऐकत होती, आणि एवढं साधं विचारायचं तिला सुचलं नव्हतं. भिमाजीचा राग होताच, आता स्वतःचाही आला.

शाळेतून ती दगडाबाईकडं गेली. दगडाबाई तिच्याच आळीतली, नवऱ्यानं टाकलेली, म्हणजे तीही हाफच. दोघी मिळून पारावर आल्या. भिमाजी वहीत टोळीची नावं लिहीत बसला होता.

"लिव्हा," रंगुबाई म्हणाली. "रंगुबाई अन् दगडाबाई. एक कोयता."

भिमाजी हसला. "दोन घरच्या बायांचा कोयता व्हत न्हाई. एका चुलीची जोडी लागती. तुमी दोघीबी हाफ."

"कशाच्या हाफ?"

"म्हंजी?"

"कशाच्या, ते सांगा की. गेल्या साली माझा नवरा फडात खोकत पडला हुता, तवा दोघांची तोड म्या एकलीनं केली. डोक्यावर मोळी दिली, ती अर्धी करून दिली का? शिडी चढून टरक भरला, तवा अर्धीच शिडी चढले का? राबताना पुरी अन् नाव लिव्हताना अर्धी व्हय? जनाची न्हाई, मनाची तरी ठेवा."

पारावरचे बापये जमिनीकडं बघायला लागले. म्हातारा पुंजाराम मात्र बोलला, "खोटं न्हाई भिमाजी. म्या त्याच फडात हुतो."

भिमाजीला अजून तीन कोयते कमी पडत होते. दातओठ खात त्यानं दोघींची नावं एका ओळीत लिहिली. "कमी पडलात तर पंधरा दिसांत माघारी धाडीन."

"धाडा. पण आधी कमी पडू तर द्या."

चौथ्या दिवशी सकाळी ट्रक निघाला. दिपाली दप्तर पाठीला लावून खाली उभी होती, वसतिगृहात जायला. रंगुबाईनं फडक्यातली भाकरी काढली, मोडली आणि एक तुकडा तिच्या हातात दिला.

"हे हाफ. आता वाक्य पुन्यांदा लिही."

"अन् तुझं काय लिहू, आई?"

"माझं नाव लिही," रंगुबाई म्हणाली. "पुरं लिही."