चंडोलाची चाल

मी खुनशी माणूस हाय. बायको ठमा म्हणायची, "तुमी नागावानी डूख धरता." खरंच हाय ते.

ठमा गेली त्या साली निरवांगीचं घर मला खायला उठलं. मेंढरं घिऊन मी माळावरच पडून राहायचो. तितं एक चंडोल रोज गात गात सरळ आभाळात चढायचा. ऐकून ऐकून त्याची चाल मी पाव्यावर बसवली. ती वाजवली की छातीवरचा धोंडा जरा हलायचा.

एक दिवस बागायतदार मानसिंग टेप घिऊन आला. "गेणूराव, वाजवा की. आठवण म्हणून ठेवतो." मी येडा, वाजवली. पुढं इंदापुरात कॅशेट आली, वर फेटा बांधलेला मानसिंग. चाल म्हणं त्याला सपनात सुचली. मी चारचौघांत बोललो तर देवळाचे पंच आबासाहेब हसले. "मेंढरांमागं फिरणाऱ्याला कुठली चाल सुचती?" माझ्या ठमाच्या दुःखावर लोक वरातीत नाचायला लागले. तवाच ठरवलं, ह्याचा काटा काढायचा.

उन्हाळाभर मी तीच चाल वाजवायचो आन मेंढरांपुढं बाभळीच्या शेंगा टाकायचो. चाल ऐकली की कळप पळत यायचा. खाऊन झालं की चंडोल खाली उतरताना गातो ती हळू चाल वाजवायचो, मग मेंढरं माघारी त्यांना कोंडायच्या वाघरीच्या जाळीत जायची. ही उतरायची चाल मी कुणालाच ऐकवली न्हवती. ती ठमाची.

बिरोबाची जत्रा आली. देवळापुढं मानसिंगचा कार्यक्रम, शेजारीच त्याचं रान. त्यानंच गळ घातली, "जत्रंपुरती मेंढरं आमच्या रानात बसवा की, खत हुईल." मी म्हणलं, बसवतो की. वाघर आन मांडव ह्यांच्यामदी त्याची काढणीला आलेली कोथिंबीर डुलत होती. त्या दिशी मेंढरांना मी उपाशीच ठेवलं.

दिवस मावळायला कर्ण्यातून मानसिंगचा पावा वाजला. मी जाळी सोडली. कळप कोथिंबीर तुडवत थेट मांडवात घुसला आन शेंगा हुडकत मानसिंगचं धोतर वढायला लागला. त्यांना घालवायला मानसिंगनं घाबरून पुन्हा तीच चाल वाजवली. दुसरी त्याला येतच न्हवती. मागची मेंढरं आणखी पुढं रेटली.

आबासाहेब उठले. "मानसिंगराव, तुमच्या सपनातली चाल ह्या मेंढरांना कुणी शिकवली?"

मानसिंगचं तोंड उतरलं. "गेणूराव, आवरा की."

"बोलावली तुमी. धाडा बी तुमीच."

मेंढरं माघारी कोथिंबिरीत शिरली. तिचा खराटा हुईस्तवर मी जागचा हाललो न्हाय. मग मांडवात नजर फिरवली, कुणाच्या हातात टेप न्हाय हे बघितलं आन पावा वठाला लावला. उतरायची चाल ऐकून मेंढरं एकामागं एक जाळीकडं वळली. समदा मांडव गप बसून ऐकत होता.

मानसिंगचं नाक कापलं, त्याचं मला आजबी समाधान हाय. पर ठमासाठी तेवढी एकच चाल राखली होती, ती बी त्या दिशी गावानं ऐकली.