पायांशिवाय निघालेलं विष

चपलांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. मागचे लोक खुर्च्यांवर चढून बघत होते. मधोमध प्लॅस्टिकचा टब, टबात मिठाचं कोमट पाणी आणि त्या पाण्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलीचे पाय. टबवाल्या डॉक्टरांनी बटण दाबलं. 'डॉक्टर' ही पदवी लोकांनीच दिलेली, त्यांनी ती नाकारली नाही एवढंच. दहा मिनिटांत पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग काळपट, आणि वर फेस जमला.

"बघून घ्या," टबवाले म्हणाले. "ही टोचलेली लस. शरीर सोडत नव्हतं, मी सोडवली. आता दुसरा डोस द्याल तर दुप्पट विष काढावं लागेल, आणि तेव्हा मला वेळ असेलच असं नाही."

मग त्यांनी गर्दीकडे पाहिलं. "विजेच्या कामातलं कुणी आहे? या, तपासा. आपल्याकडे लपवाछपवी नाही."

मी उठलो. नळाच्या तोट्यांना मुलामा देण्याच्या कारखान्यात मी वीस वर्षं हेडमिस्त्री आहे. मी तारा पाहिल्या, पाण्यात बुडवलेल्या दोन लोखंडी पट्ट्या पाहिल्या, मीटर पाहिलं आणि छाती काढून म्हणालो, "वीज अगदी कमी आहे. यात फसवणूक नाही." टाळ्या पडल्या. त्या आठवल्या की आजही मान खाली जाते.

असं का केलं, तेही सांगतो. लहानपणी राहून गेलेली गोवराची लस मुलीला नुकतीच टोचली होती. आठव्या दिवशी ती तापाने फणफणली, अंगावर पुरळ आलं आणि माझं धाबं दणाणलं. बायको म्हणत होती, "अहो, नर्सबाईंनी सांगितलं होतं, आठ-दहा दिवसांनी ताप येऊ शकतो म्हणून. फार चढला किंवा धाप लागली तर लगेच आणा म्हणाल्या." त्या हे सांगत होत्या तेव्हा मी बाहेर फोनवर होतो. ताप दोन दिवसांत उतरला, माझी भीती मात्र उतरली नाही.

पुढच्या रविवारी मुलीला पुन्हा टबात बसवलं. थोड्या वेळाने तिला शू लागली. बायको तिला घेऊन गेली, पण घाईत बटण कुणी बंद केलं नाही. ती परत आली तेव्हा पाणी पहिल्यापेक्षा गडद झालं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी तर तिकडे होते. मग माझं विष कसं आलं?"

टबवाले हसले. "बाळ, पायांची ओढ पाण्यात राहते."

लोकांनी माना डोलावल्या. मी माझ्या नखांकडे पाहिलं, कारखान्यातला तसाच तांबूस रंग त्यांत बसला होता. नवीन कामगाराला मी पहिल्याच दिवशी शिकवतो की विजेच्या धन टोकाला लावलेली पट्टी झिजते आणि तिचा धातू पाण्यात उतरतो. याच गोष्टीवर माझं पोट चालतं. टबातली ती घाण लोखंडाची होती, गंज होता. कारखान्यात मी तो क्षणात ओळखला असता. इथे पाय माझ्या मुलीचे होते, आणि माझी अक्कल चरायला गेली होती.

खरं पाप मात्र पुढचं आहे. मला कळलं, आणि मी गप्प बसलो. भर सभेत साक्ष दिली होती ना. आता 'मी चुकलो' कोणत्या तोंडाने म्हणू? मुलीचा दुसरा डोस गुपचूप देऊन आलो आणि कारखान्यात चकार शब्द काढला नाही.

महिनाभराने आमचा पॉलिशवाला कामावर आला नाही. त्याच्या मुलाला गोवर झाला होता, मग न्यूमोनिया झाला, कानातून पू वाहू लागला. मी दवाखान्यात गेलो. तो बाकावर बसला होता.

"दादा, त्या सोमवारी त्याची लस होती," तो म्हणाला. "तुम्ही हॉलमध्ये उभे राहिलात म्हणून मी नेलं नाही. म्हटलं, दादांनी स्वतः तपासलंय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी नर्सबाईंना विचारलं, "लस दिली असती तर टळलं असतं का?"

"शंभर टक्के असं कुठल्याच औषधाबद्दल सांगत नाही मी," त्या म्हणाल्या. "पण बहुतेक मुलांचं टळतं. राहिलेल्यांसाठी तर दुसरा डोस."

त्याचा मुलगा घरी आल्यानंतरच्या रविवारी मी बादली, बॅटरी आणि दोन लोखंडी पट्ट्या घेऊन त्याच हॉलमध्ये गेलो. टबवाले म्हणाले, "या मिस्त्री, सांगा यांना." मी बादलीत मिठाचं पाणी भरलं आणि तारा जोडल्या. कुणाचेही पाय आत नव्हते. पाणी पिवळं झालं, तांबूस झालं, काळपट झालं, वर फेसही आला. मग ताजं पाणी भरलं, तारा काढून टाकल्या आणि स्वतःचे पाय तासभर आत ठेवून बसलो. पाणी होतं तसंच राहिलं. टबवाले मधेच जिना उतरून गेले, ते परत आले नाहीत.

मी लोकांना म्हणालो, "तो परका माणूस होता. तुम्ही विश्वास माझ्यावर ठेवलात, आणि मी तपासल्याचं नुसतं नाटक केलं. कळल्यावरही लाजेपोटी तोंड बंद ठेवलं. लसीने ताप येतो, हात दुखतो, क्वचित कुणाला जास्तही त्रास होतो. शंका असेल तर दवाखान्यात जाऊन विचारा, दहादा विचारा. आणि कुणी शरीरातलं विष काढून दाखवायला लागला, तर त्याला म्हणा, आधी पाय बाहेर ठेवून दाखव. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला जे सुचलं, ते आपल्याला सुचायला हवं होतं."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. शेवटच्या रांगेत पॉलिशवाला मुलाला घेऊन बसला होता. मी जवळ जाऊन मुलाला हाक मारली. त्याने मान वळवली नाही.

"या बाजूने या, दादा," पॉलिशवाला म्हणाला. "त्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही."