रिसेंगाची खुर्ची

मी जीपच्या नाकावरची खुर्ची बोलतेय. डाव्या दिव्याच्या वर, उघड्यावर. जंगल बघायला आलेले पाहुणे मागे उंच बाकांवर बसतात. माझ्यावर बसतो तो माग काढणारा.

गावातल्या वेल्डरनं जुन्या फाटकाच्या नळ्यांतून मला घडवलं. अकरा वर्षं रिसेंगा माझ्यावर बसला. गेल्या महिन्यात तो माग बघायला उतरला आणि झुडपातून रानरेडा आला. रिसेंगा परत चढलाच नाही. मी वीस पावलांवर होते. काय करणार? बोल्टांनी आवळलेली.

आज त्याचा धाकटा भाऊ न्यिको पहिल्यांदा बसला.

"उतरायचं नाही," मबुंडामामा स्टिअरिंगमागून म्हणाला.

"बरं, मामा."

"तुझं बरं मला ठाऊक आहे. बरं म्हणायचास आणि झाडावरून पडायचास."

नदीच्या ओल्या वाळूत खूर उमटले होते. पुढच्या डाव्या खुराचं टोक तुटलेलं, रिसेंगा पडला तिथं उमटलं होतं तसंच. न्यिको थरथरला, ते माझ्या नळ्यांत उतरलं.

"मामा, हाच तो."

"असू दे. बस तू..."

पण त्यानं उडी टाकलीच. हातात नुसती काठी.

मामानं बंदूक घेतली, पण उतरेना. उघड्या जीपमध्ये सहा पाहुणे, त्यांना टाकून जाता येत नाही.

"काय झालं?" एका बाईनं विचारलं.

"बसून राहा, बाई. आवाज नको."

तेवढ्यात झुडपातून लाल चोचीची पाखरं भुर्रकन उडाली. ती रेड्याच्या पाठीवर बसून गोचिड्या टिपतात. न्यिकोलाही ते कळलं. तो थिजला.

मामा हळू आवाजात म्हणाला, "पोरा, तुझ्या आईच्या दारात एकदा टोपी काढून उभा राहिलोय. पुन्हा जायला लावू नकोस."

आत फांदी मोडली. न्यिको पळाला असता तर संपलाच असता. तो झुडपावर नजर ठेवून मागे सरकू लागला. एक पाऊल. थांबला. आणखी एक. मला वाटलं, हा कधी पोहोचतच नाही. मग त्याची पाठ माझ्या दांडीला लागली. तो चढला. मामानं जीप हलकेच मागे घेतली.

बरंच लांब आल्यावर मामा म्हणाला, "पाय वर घे, गाढवा."

तेव्हा न्यिको माझ्या दांडीवर डोकं टेकून ओरडून रडला. महिनाभर रडला नव्हता म्हणे.

"सिंह कधी दिसणार?" मागून कुणीतरी विचारलं.

पाहुण्यांनो, मी गंजलेय, गादी फाटलीय, हात जोडायला हात नाहीत. पण जरा दम धरा. पोराला आधी रडून होऊ द्या.