बोंबलांची जोडी

कोणाला खोटी आशा दाखवायची मोनालीला मनापासून चीड. परदेशी पाहुण्यांना पनवेलहून कोकणात फिरवणं हा तिचा धंदा, आणि या धंद्यात गोड बोलणारे पैशाला पासरी मिळतात. म्हणून रूथबाईंना तिने पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं, तुम्ही शोधताय ते सापडायचं नाही.

रूथबाई अमेरिकेतल्या, व्हर्जिनियाच्या. काळ्या, उंच, सत्तरीला आलेल्या. तीनशे वर्षांपूर्वी त्यांच्या एका पूर्वजाला हिंदुस्थानच्या कुठल्याशा किनाऱ्यावरून एका गोऱ्या कप्तानाने जहाजावर चढवलं आणि तिकडे तंबाखूच्या मळ्यावर विकलं. सात वर्षं राब, मग तू मोकळा, असा करार होता. सात वर्षं सरली, पण मालकाच्या तोंडून ‘जा’ काही निघालं नाही. मळ्यावरच्याच एका गुलाम बाईशी त्याने संसार मांडला, आणि पोरं गुलाम म्हणूनच जन्मली. मालक त्याला पीटर म्हणायचा. खरं नाव, गाव, काहीच उरलं नाही. तो कोणाचा होता एवढं तरी मरण्याआधी कळावं, म्हणून ही म्हातारी साता समुद्रापलीकडून आली होती.

किनाऱ्यावरची गावं पालथी घातली, हाती भोपळा. परतीच्या आदल्या दिवशी, निदान जेवण तरी झकास व्हावं म्हणून मोनाली त्यांना करंजा बंदरावर घेऊन गेली.

बंदरामागे सुनंदा कोळीण बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. मोनाली तिला ताज्या मासळीचं विचारत होती, तेवढ्यात सुनंदाचा हात जागीच थांबला.

रूथबाईंनी पाटीतले दोन बोंबील उचलले होते. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून त्यांनी ती जोडी दोरीवर टाकली. मग आणखी एक. त्यांचं स्वतःचं लक्षसुद्धा नव्हतं.

“आगो बाय! हिला कोनी शिकवला?”

मोनालीने विचारलं. “आजीनं,” रूथबाई गोंधळून म्हणाल्या. “आम्ही नदीतले मासे असेच सुकवायचो. बाकी कोणी नाही करत, सगळे हसायचे आम्हाला.” मग त्यांनी वलांडीकडे नीट पाहिलं. पार टोकापर्यंत बोंबील जोडीजोडीने लटकत होते, जबड्यात जबडा.

मोनालीच्या लक्षात आलं. मालकाने त्या पूर्वजाचं नाव हिरावलं, आयुष्य हिरावलं. हे जोडणं मात्र त्याच्या हातांत तसंच राहिलं आणि पोरानातवंडांच्या हातांत उतरलं. पण खोटं बोलवेना. “असे बोंबील पार गुजरातपर्यंत वाळवतात,” ती म्हणाली. “तो इथलाच, असं नाही सांगता येणार.”

“पण तो अशा माणसांतला होता,” रूथबाई म्हणाल्या.

मोनालीने सगळी हकिगत सांगितली. तशी सुनंदाने पाटी रूथबाईंपुढे सरकवली. “ऊन चाललाय. घाल मंग तू पन.”

दोघी शेजारी उभ्या राहून हात चालवत राहिल्या. पाटी रिकामी झाली तेव्हा सुनंदा रोज कामावरच्या बायांना म्हणते तसं म्हणाली, “चल बाय, काम झाला. जा आता घरा.”

“काय म्हणाली?”

मोनालीने जसंच्या तसं सांगितलं. “म्हणाली, काम संपलं. आता घरी जा.”

रूथबाई मटकन वाळूत बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. “तिला म्हणावं, पुन्हा सांग,” त्या म्हणाल्या. “त्याला सांग.”

सुनंदाने ओले हात पदराला पुसले आणि समुद्राकडे तोंड केलं.

“जा रं बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली. “काम झाला तुजा. जा घरा.”